भाच्यानं मागितलेला नगारा

या, असे जवळ सरकून बसा. चटई मोठी आहे, आणि गोष्ट दारात उभं राहून ऐकायची नसते. आमच्याकडे बसलेल्या माणसांमध्ये उभं राहणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर पाय देणं. ही रीत तेवढी ध्यानात असू द्या; पुढं एका मेजरसाहेबांच्या ध्यानातून ती निसटली आणि त्यातूनच सगळं घडलं. सांगतो ती गोष्ट आमच्या बेटावरच्या नासाउरेवा गावच्या वासेमाथाची. देवभोळी बाई. गळा असा की समुद्रानं गप्प बसून ऐकावं, आणि जीभ अशी की नवऱ्यानं समुद्रात जाऊन बसावं.

ज्या साली हे झालं, त्या साली वासेमाथाला एकूण एक गोष्टीचा वैताग आला होता. आम्ही निवडून दिलेलं सरकार लष्करानं बंदुका दाखवून घरी पाठवलं, त्याला बरेच दिवस झाले होते. मग राज्यघटना गेली, न्यायाधीश गेले. रेडिओवरच्या बातम्या आधी एक सैनिक वाचायचा आणि उरल्यासुरल्या आम्ही ऐकायचो. चार टाळकी जमवायची तर छावणीवरून परवाना. बायकांना चटया विणायला एकत्र बसायचं, तर परवाना. शेजारचा ट्रकवाला रामलगन, त्याचे पणजोबा समुद्रापलीकडून ऊसतोडीला आलेले; त्याच्या घरी दर मंगळवारी भजन असायचं, त्यालाही परवाना.

"वासेमाथाताई," रामलगन एकदा कुंपणावरून सांगत होता, "साहेब विचारतो, भजनाचा विषय काय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, दुष्टाचा नाश."

"आणि?"

"म्हणाला, दुसरं काहीतरी घ्या."

वासेमाथा हसली नाही. तिला हसूसुद्धा येईनासं झालं होतं. तिचा नवरा पेथेली हा चर्चमधला उपदेशक. तो अशा गोष्टींवर सुस्कारे टाकायचा, आणि तिला त्या सुस्काऱ्यांचाही वैताग होता.

पण एक गोष्ट अजून लष्कराच्या हातात आली नव्हती. चर्चच्या अंगणातला नगारा. कातडं ताणलेला नव्हे हं. एका अख्ख्या झाडाचा ओंडका, होडीसारखा पोखरलेला, दोन जाड दांडक्यांनी ठोकायचा. पेथेलीच्या पणजोबानं तो कोरला होता, म्हणून तो वाजवायचा मान पेथेलीच्या घराण्याचा. आमच्या किनाऱ्यावर नासाउरेवा सगळ्यांत थोरलं गाव, म्हणून सांजेचा पहिला ठोका नासाउरेवाचा. तो ऐकला की खाडीपलीकडचं गाव आपला नगारा वाजवणार, ते ऐकून टेकडीमागचं, असं करत आवाज पार दीपगृहापर्यंत जायचा. थोरल्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही. आणि नगारा झाला की जो तो आपल्या घरात खाली बसून एकच प्रार्थना करायचा: देवा, ज्यांनी आमचं राज्य उचलून नेलं, त्यांना ते जागेवर ठेवायची बुद्धी दे. जमाव नाही, भाषण नाही, घोषणा नाही. परवाना मागणार तरी कशाचा?

छावणीतल्या मेजरला हे फार झोंबायचं. सांज झाली की त्याचेच सैनिक हातातलं काम टाकून मान खाली घालायचे. तीही आमच्याच चर्चमध्ये वाढलेली पोरं. दुसऱ्या एका किनाऱ्यावर नगारा जबरदस्तीनं उचलून पाहिला होता, तर गाव रस्त्यात बसलं आणि उचलणाऱ्यांच्या आयांनी त्यांना घरात घेतलं नाही. म्हणून हा मेजर जबरदस्तीच्या वाटेला गेला नाही. शहाणा माणूस. त्यानं भाचा शोधून काढला.

आता भाच्याचं सांगतो. आईच्या माहेरी भाचा ज्या वस्तूवर हात ठेवील ती त्याची. मामानं नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर त्यानं आपल्या बहिणीला मुलगी म्हणून, घरची म्हणून नाकारलं असा अर्थ. पेथेलीची धाकटी बहीण ऐन तरुणपणी वारली, तिचा एकुलता एक नेमानी. लहानपणी सुट्टीत यायचा, वासेमाथाच्या हातचे नारळाच्या दुधातले मासे चापायचा आणि जाताना गोड हसून म्हणायचा, "मामी, हे नेतो हं." असं करत त्यानं कोंबड्या नेल्या, कंदील नेला, मामाचा चांगला कोट नेला. एकदा तर वासेमाथा ज्यावर बसली होती ती खुर्ची नेली. "ऊठ ना मामी जरा," म्हणाला. तो लष्करात भरती झाला तेव्हा तिनं देवाचे आभार मानले होते, की आता घरात थोडं सामान टिकेल.

तर त्या दिवशी दुपारी नेमानी आला. लेफ्टनंट झाला होता, पण गणवेशात आला नाही. कमरेला लुंगीसारखा स्वच्छ सुलू गुंडाळलेला, दाराबाहेर चपला काढून, वाकून आत आला आणि मामापासून लांब, खालच्या बाजूला मांडी घालून बसला. वासेमाथा अळूचे कंद सोलत होती. त्याच्या हातात झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं आणि तिचा हात थांबला.

देवमाशाचा दात होता. पिवळा, जुना, भलामोठा. त्या दातासोबत केलेली मागणी परतवायची आमच्यात कुणाची छाती नाही.

"मामा," नेमानी म्हणाला, "माझ्या आईच्या नावानं मागायला आलोय. चर्चच्या अंगणातला नगारा मला हवा."

चुलीवरचं भांडं तेवढं बोलत राहिलं.

"कुठं ठेवशील?" पेथेलीनं शेवटी विचारलं.

"छावणीत. मेजरसाहेबांनी जागा काढलीय."

"हा दात कुणी दिला तुला?"

नेमानीनं मान खाली घातली. "मेजरसाहेबांनी."

"बघा, बघा!" वासेमाथाला राहवलं नाही. "मेजर आता आमच्या घरचं नातं चालवायला लागला. नेमानी, तुला कोंबड्या कमी पडल्या का रे? डुक्कर ने. हे घर ने, मी बाहेर झाडाखाली राहते. पण नगारा कशाला लागतो तुला? सकाळी उठत नाहीस का?"

"मामी, मला हुकूम आहे."

"आणि तोंड? तोंड आहे का तुला? नाही म्हणता येत नाही?"

"मामालासुद्धा येत नाहीये ना," नेमानी हळूच म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. तोही कात्रीत सापडला होता. कपाळावर घाम डबडबला होता. ते दिसलं म्हणून वासेमाथा आणखीच चिडली. पोटभर रागवावं तर समोर माणूस तरी नीट दुष्ट हवा!

पेथेलीनं दोन्ही हात पुढं केले आणि दात घेतला. डोळे मिटून बहिणीचं नाव उच्चारलं, दात घेतल्याचे शब्द म्हटले. झालं. नगारा भाच्याचा झाला.

नेमानी गेल्यावर वासेमाथानं सुरी खाली आदळली. "घेतलात! दोन हात पुढं करून घेतलात! आता उद्या सांजेला काय वाजवणार, माझं कपाळ?"

"काय करू? बहिणीला नाकारू?"

"ती बिचारी देवाघरी आहे. ती आली असती तर आधी त्या पोराचे कान उपटले असते."

"शेजारच्या गावांना सांगू, तुम्ही आधी वाजवा."

"ते वाजवतील? थोरल्याच्या आधी? तुम्ही लहानपणी मोठ्या भावाच्या आधी जेवलात का कधी? मेजरला सगळं ठाऊक आहे. एक नगारा उचलायचा आणि दीपगृहापर्यंत शांतता."

पेथेलीनं सुस्कारा टाकला. वासेमाथानं तो सुस्कारा पुरता ऐकून घेतला, मग उठून बाहेर गेली आणि नगाऱ्यापाशी जाऊन बसली. प्रार्थना करावी म्हणून बसली होती, पण तोंडून प्रार्थना येईना, तक्रारच येत होती. देवा, हे काय चालवलंयस? बंदूकवाल्यांना बंदूक आहे, वर आमच्या रीतीही त्यांनाच उपयोगी. मग आम्हाला काय ठेवलंस? रीतीचा अर्धा भाग तरी आमच्या बाजूचा असेल की नाही?

आणि ती तशीच थबकली. होता की अर्धा भाग.

ती तरातरा घरात आली. "अहो, दिलाय ना नगारा? मग नीट द्या."

"म्हणजे?"

"नेमानीनं येऊन खांद्यावर टाकून न्यायला ती काय कोंबडी आहे? गावाची वस्तू गाव देतं, तेव्हा गाव ती पोचवायला जातं. चटया, कंद, डुक्कर, गाणं, सगळं घेऊन. आणि घेणाऱ्यानं खाली बसून घ्यायचं असतं. आहे की नाही रीत?"

पेथेली तिच्याकडे बघत राहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "परवाना?" तो म्हणाला.

"परवाना कशाला? मेजरनंच मागितलाय. दात पाठवून बोलावलंय आपल्याला."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर रामलगनचा ट्रक निघाला. नगारा चटयांवर ठेवलेला, त्याला फुलांच्या माळा. मागून सगळं नासाउरेवा चालत. वाटेतल्या गावांना कळलं तशी तीही सामील झाली. थोरल्या गावाचा नगारा चाललाय आणि पोचवायला जायचं नाही म्हणजे काय! रामलगनची भजनमंडळी ट्रकवर ढोलक घेऊन बसली होती.

"तुमचा काय संबंध रे?" कुणीतरी विचारलं.

"ट्रक आमचा आहे," रामलगन म्हणाला. "ट्रकबरोबर आम्ही येतो. आमचीही रीत आहे."

छावणीच्या फाटकावर एक हवालदार उभा होता. तो ज्या बेटाचा, त्या बेटाचं आणि आमचं थट्टेचं नातं. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय बोलायचंच नाही, अशी आजोबा-पणजोबांपासूनची चाल. समोरून अख्खा किनारा येताना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ सवयीनं चाललीच.

"ए खेकडे खाणाऱ्यांनो! कुठं निघालात कळप घेऊन?"

"तुझ्या बापसाला शोधायला, पाली खाणाऱ्या!" वासेमाथा ओरडली. "फाटक उघड. तुमच्या मेजरनं मागितलेलं सामान आणलंय."

"मामी, मला गोळी घालायला लावू नकोस हं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "परवाना आहे?"

"दात आहे." पेथेलीनं देवमाशाचा दात वर धरला.

हवालदारानं दात पाहिला, मागं वळून पाहिलं, आणि फाटक उघडलं. दुसरं काय करणार!

आत मोठं मैदान होतं. सैनिक रांगेत उभे, हातात बंदुका. मेजर पायरीवर, आणि एका बाजूला नेमानी, गणवेशात, ताठ. ट्रकवरून नगारा उतरला. मैदानाच्या मधोमध चटया अंथरल्या गेल्या आणि नासाउरेवाची माणसं खाली बसली. मागची गावं बसली. रामलगनची मंडळी बसली. सगळं मैदान बसलं. पेथेलीनं दात दोन्ही हातांवर धरला आणि अर्पणाचे शब्द सुरू केले, त्या गंभीर, जुन्या, ओढलेल्या सुरात.

आता सांगा, अर्पणाचे शब्द सुरू असताना आमच्यातलं कोण उभं राहील? पाळण्यात असल्यापासून पाठीवर थापटी मारून बसवलेलं असतं. आधी रांगेतल्या एका म्हाताऱ्या हवालदाराचे गुडघे वाकले. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करत अख्खी रांग खाली बसली, बंदुका मांडीवर आडव्या, आणि शब्द संपल्यावर सगळ्यांनी तळव्यांची पोकळी करून संथ टाळी दिली, गावानं आणि लष्करानं एकदमच.

उभा राहिला एकटा मेजर.

"उठा!" तो ओरडला. "मी कुणाला बसायला सांगितलं?"

कुणी उठलं नाही. हट्टानं नव्हे, अर्पण पुरं व्हायच्या आधी उठता येत नाही. आणि ते पुरं व्हायला बायकांचं गाणं बाकी होतं.

गायलेली कथा तुम्ही ऐकलीय का कधी? पाद्री बोलतो ते डोक्यात जातं आणि जेवणापर्यंत टिकतं. पण म्हाताऱ्या बाया जमिनीवर बसून जेव्हा पवित्र शास्त्रातली कथा गातात, एकीनं प्रश्न टाकायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, ते हाडांत जाऊन बसतं. त्यात देव समोर येऊन ऐकतो, असं मला तरी नेहमी वाटत आलंय. वासेमाथानं डोळे मिटले. तिनं त्या राजाची कथा घेतली, ज्याला सगळं राज्य असून शेजाऱ्याचा मळा हवा होता, आणि त्यापायी त्यानं त्या शेजाऱ्याला मारवलं.

"राजाला काय कमी होतं?" तिनं विचारलं.

"काही नाही, काही नाही," बायांनी उत्तर दिलं.

"मग मळा कुणी घेतला?"

"राजानं घेतला, राजानं."

"आणि देवानं काय विचारलं?"

इथं बायांनी उत्तर द्यायचं असतं. पण पुरुषांनी दिलं, "मारलंस, आणि वर मळाही घेतलास?" रामलगनच्या ढोलकीनं ठेका धरला, आणि सैनिकांच्या रांगेतून खालच्या आवाजात तेच उत्तर आलं. आजीच्या मांडीवर पाठ झालेलं, थांबवणार कसं? मेजर सगळ्या बसलेल्या डोक्यांच्या वर एकटा उभा होता, लाल झालेला, आणि बसावं तर पंचाईत, उभं राहावं तर त्याहून. शेवटी तो पायरीच्या कडेला टेकला. बसला म्हणावं असं नाही. टेकला.

कथा संपेपर्यंत ऊन उतरलं होतं. मेजर उठला. "घेतला नगारा. आभारी आहे. लेफ्टनंट, तो कोठीत टाका आणि कुलूप लावा. आणि तुम्ही सगळे घरी जा."

"एक राहिलं," पेथेली म्हणाला. त्यानं सुलूच्या घडीतून नगाऱ्याची दोन्ही दांडकी काढली आणि गुडघ्यांवर सरकत नेमानीपुढं ठेवली. "बाळा, नगारा आता तुझा. नगाऱ्याबरोबर सांजेचा पहिला ठोकाही तुझा. मी यापुढं वाजवू शकत नाही. खाडीपलीकडची गावं वाट बघतायत. तुझ्या आईचं नाव सांगून मागितलंस. आता तिच्या नावाला जाग."

 हे वासेमाथानं ठरवलेलं नव्हतं. तिला फक्त मेजरची फजिती करायची होती. भाच्याला सुळावर चढवायचं नव्हतं. "अहो," ती पुटपुटली, "पोराची नोकरी..."

"लेफ्टनंट!" मेजर म्हणाला. "हात लावलास तर गणवेश उतरवीन."

नेमानी दांडक्यांकडे बघत राहिला. मग त्यानं मामीकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं, कोंबड्या नेतानाचं हसू आलं.

"मामी," तो म्हणाला, "हे नेतो हं."

आणि त्यानं दांडकी उचलली.

पहिला ठोका छावणीच्या भिंतींवर आदळून परत आला. दुसरा निघून गेला. सगळ्यांचे कान खाडीकडे लागले. आणि खाडीपलीकडून उत्तर आलं. मग टेकडीमागून. बसलेल्या सगळ्या माणसांनी, सैनिकांनीसुद्धा, माना खाली घातल्या.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. पेथेलीला धरून नेलं, डोकं भादरून, मैदानात पळवून, काही दिवसांनी लंगडत घरी सोडलं. नेमानीचा हुद्दा गेला आणि त्याला छावणीच्याच कोठडीत टाकलं. नगारा कुलपात. सरकार काही त्या ठोक्यांनी पडलं नाही. निवडणूक व्हायला पुढं कैक वर्षं लागली.

पण दुसऱ्या सांजेला काय झालं ते सांगायचं राहिलं. किनाऱ्यावर सगळी गावं कान देऊन बसली होती. नगारा कुलपात, आता संपलं, असं वाटत होतं. वासेमाथा छावणीच्या कुंपणाला लागून उभी होती. पोरासाठी केळीच्या पानात कंद आणि मासे घेऊन गेली होती, आणि फाटकावरचा हवालदार ते आत न्यायला का कू करत होता म्हणून त्याच्यावर डाफरत होती. इतक्यात आतून आवाज आला. ठक्. ठक्. कोठडीच्या दाराची फळी. नेमानी तिच्यावर मुठींनी ठोकत होता.

हवालदारानं डोळे मिटून घेतले. कुंपणाबाहेरच्या गावानं ते ऐकलं, आणि त्यांचा नगारा सुरू झाला. हक्क लाकडात नव्हताच. तो भाच्यानं नेला होता, आणि भाचा जिथं असेल तिथं तो होता. कोठडीत होता तोवर नेमानीनं एकही सांज चुकवली नाही.

"मूर्ख कुठला," वासेमाथा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याचाही वैताग आला होता. "हात सुजतील ना रे पोरा!"

सुटून आल्यावर तो मामाकडेच राहिला. नोकरी नाही, पैसा नाही, बोटं वाकडी झालेली. पहिल्याच आठवड्यात त्यानं वासेमाथाचा रेडिओ आपल्या कोपऱ्यात नेला आणि पेथेलीची उशी. तिनं शिव्या घातल्या, आणि दुसरी उशी विणलेल्या पिशवीत घालून स्वतःच त्याला नेऊन दिली.

आता तो नाही. ती दोघंही नाहीत. म्हणून तुम्हाला एवढंच मागतो: सांजेला कुठं घंटा वाजली, नगारा वाजला, कुणी नुसतं दार ठोठावलं तरी चालेल, तर क्षणभर नेमानीची आठवण काढा.